चार फायली, तीन डाग

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हेल्मी सारिनेन ती पायरी एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला चढली. हिवाळ्यात त्या पायरीवरचं बर्फसुद्धा तीच खरवडायची, कारण त्या कामावर नेमलेला माणूस दहाच्या आत उगवायचा नाही, आणि तोवर एखादा म्हातारा साक्षीदार आपटून कंबर मोडून घ्यायचा. "पडला तर त्याची तारीख मलाच पुन्हा लावावी लागेल," असं म्हणायची. बाई अशी होती. माया केली तरी कामाच्या नावावर करायची.

तारखा लावणं हेच तिचं काम. ऐकायला काही विशेष नाही, पण करून बघा म्हणावं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या आमच्या कॉबल लँडिंगला मोठा न्यायाधीश स्वतःचा नाही. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून गावाला स्वतःचं असं राहिलंय तरी काय! तर तो बाहेरून येतो, एप्रिलमध्ये तीन आठवडे आणि ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे. वर्षाचे सगळे मोठे खटले त्या सहा आठवड्यांत बसवायचे. सरकारी वकील मोकळा हवा, आरोपीचा वकील मोकळा हवा, पोलीस रजेवर नको, तज्ज्ञ साक्षीदाराचं विमान उतरेल असं आभाळ हवं. एकाची सोय बघावी तर दुसऱ्याची गैरसोय. हेल्मी हे सगळं एका मोठ्या डायरीत आणि स्वतःच्या डोक्यात सांभाळायची.

आणि सांभाळायची ती पेन्सिलीने. ही रीत तिला तिच्या आधीच्या मिसेस ड्रिस्कॉलनी शिकवली होती. "शाई वापरू नकोस गं," म्हातारीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "नकार कागदावर राहिला की माणसाच्या मनात राहतो." गावात वकील पाच. पाचही जण एकाच दुकानातून दूध आणणारे, एकाच तळ्यावर मासे धरणारे. कोणी कोणाच्या तारखेला नाही म्हटलं, कशासाठी म्हटलं, याची वाच्यता करायची नाही. हेल्मी सोमवारी फोन फिरवायची, नाही म्हणणाऱ्याची तारीख खोडायची, सगळ्यांना जमेल ती लिहायची. शुक्रवारी कोर्टात तेवढी ठरलेली तारीख मोठ्याने वाचून दाखवली जायची. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी.

टोरोंटोहून एकदा परिपत्रक आलं होतं. यापुढे तारखा ईमेलनेच विचाराव्यात, कोणी नाकारली, का नाकारली, याची नोंद ठेवावी. हेल्मीने ते वाचलं आणि खालच्या खणात टाकलं. "त्यांना काय कळतंय आमचं," ती म्हणाली. "फोन केला म्हणून काय बिघडतंय?"

काय बिघडतंय, हे तिचं पालुपद होतं. कॉफी सांडली, काय बिघडतंय. न्यायाधीश एक दिवस उशिरा आला, काय बिघडतंय. नवरा रूडी गेला तेव्हा एकटी त्या घरात कशी राहशील असं लोकांनी विचारलं, तर डोळे पुसून म्हणाली, "राहीन. काय बिघडतंय."

तिला कायदा कळत नव्हता असं मात्र कोणी समजू नये. कोर्टाच्या माडीवर वकिलांचं एक छोटं ग्रंथालय आहे, तेही तिच्याच गळ्यात. वकिलांसाठी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी दर सोमवारी एक पत्रक यायचं, देशातल्या कोणत्या कोर्टाने या आठवड्यात काय नवं ठरवलं त्याचं. हेल्मी ते छापून कॉफीच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर टाचायची. टाचण्याआधी वेलचीचा गोड पाव खात खात अथपासून इतिपर्यंत वाचायची. पाच वकिलांपैकी चार जण फळ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, हिलाच विचारायचे, "काय गं हेल्मी, काय नवीन?"

२०१६ सालच्या उन्हाळ्यात असंच एक पत्रक आलं. ओटावाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातला होता. मोठ्या कोर्टातला खटला आरोप ठेवल्यापासून तीस महिन्यांत संपला पाहिजे. नाही संपला तर तो तिथेच थांबवायचा, कायमचा. आरोपी घरी. मात्र आरोपीच्या बाजूने जो उशीर लावला असेल तो त्यातून वजा करायचा. हेल्मीने ते पत्रक महिनाभर फळ्यावरून काढलं नव्हतं. नियम तिला तोंडपाठ होता, म्हणूनच पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये कोलेट लाव्हाली गेली. एकोणीस वर्षांची पोर. उन्हाळ्याच्या सुट्टीत महामार्गाच्या कामावर लागली होती. हातात पाटी धरायची, एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'सावकाश'. दुपारी सव्वातीनला ट्रॅव्हिस हॉल्क आपला ट्रक घेऊन आला, जेवणापासून पीत होता तो. पाटीची 'थांबा' बाजू त्याच्याकडेच होती. ट्रक थांबला तो पोरीच्या पुढे चाळीस पावलांवर.

कोलेटची आई जेनेव्हीव्ह शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गुरुवारी संध्याकाळी बर्फावर दगड सरकवण्याचा कर्लिंगचा खेळ चालतो आमच्याकडे, त्यात ती आणि हेल्मी एकाच संघात. हेल्मी दगड सोडणार, जेनेव्हीव्ह पुढे पळत झाडूने बर्फ घासणार. वीस वर्षं असं चाललं होतं. पोर गेल्यावर जेनेव्हीव्ह यायची थांबली. पुढच्या हिवाळ्यात एकदा हेल्मीला दुकानात भेटली, हातात पावाचं पाकीट होतं.

"हेल्मी, खटला कधी उभा राहणार गं?"

"राहील. मी लावते ना तारीख."

"मला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचंय. मी पिऊन होतो, एवढंच. मग त्याला कितीही वर्षं देऊ देत नाहीतर न देऊ देत."

"ऐकशील," हेल्मी म्हणाली. तिने शब्द दिला होता, हे लक्षात ठेवा.

तो सोमवार २०२३ च्या जानेवारीतला. हॉल्कचा वकील होता लायल बेनेट. पांढऱ्या मिशांचा, मोठ्याने हसणारा, गावातल्या अर्ध्या लोकांना कधी ना कधी सोडवलेला माणूस. हेल्मीशी त्याची तीस वर्षांची दोस्ती. रूडीच्या शवपेटीला खांदा दिला होता त्याने. त्या सकाळी हेल्मीसमोर त्याच्या चार फायली होत्या, त्या वर्षीचा एप्रिल भरून गेला होता आणि ऑक्टोबरचे आठवडे रिकामे होते.

"लायल, ऑक्टोबरची सोळा?"

"अगं बाई, वेड लागलं का? सोळा म्हणजे मूसचा आठवडा!"

आमच्याकडे मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचा आठवडा म्हणजे सणच. परवाना सोडतीत निघावा लागतो, कोणाकोणाला आठ-आठ वर्षं लागत नाही. त्या आठवड्यात दातांचा डॉक्टर भेटत नाही, नळवाला भेटत नाही. हेल्मी हसली. खोडरबर फिरवला आणि लायलच्या तारखा पुढच्या वर्षीच्या एप्रिलवर टाकल्या. सरकारी वकील तेव्हा जुने स्टॅन होते, तेही बंदूक पुसतच बसलेले. ते म्हणाले, चालेल. शुक्रवारी कोर्टात एप्रिलची तारीख वाचली गेली आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

आता हिशोब बघा. अपघाताच्याच दिवशी आरोप ठेवला होता, ऑगस्ट २०२१ पासून तीस महिने म्हणजे फेब्रुवारी २०२४. ऑक्टोबर त्याच्या आत बसत होता. एप्रिल दोन महिन्यांनी बाहेर जात होता. हेल्मीला हे दिसलं नव्हतं असं नाही. पण उशीर लायलने लावलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आरोपीचा उशीर वजा होतो. मग भीती कसली?

भीती अशी, की त्या वर्षाच्या शेवटी ट्रॅव्हिसच्या बापाने लायलला काढलं आणि टोरोंटोहून व्हेल्टन नावाचा वकील आणला. स्टॅन तर वसंतातच निवृत्त होऊन समुद्रकाठी लेकीकडे गेले होते. त्यांच्या जागी आली होती नाओमी ट्रॅस्क, बत्तीस वर्षांची, हुशार, कायम धापा टाकत चालणारी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती हातात कागद घेऊन हेल्मीच्या दारात उभी राहिली.

"हेल्मी, व्हेल्टनने अर्ज टाकलाय. बत्तीस महिने होतायत, खटला थांबवा म्हणतो. ऑक्टोबरमध्ये तारीख नव्हतीच का हो?"

"होती की! लायल मूसला गेला."

नाओमीचा चेहरा उजळला. "देवाला काळजी! द्या, नोंद द्या. ईमेल असेल तरी चालेल."

हेल्मीने डायरी उघडली. ऑक्टोबरचं पान काढलं. सोळा तारखेच्या चौकटीत काहीच लिहिलेलं नव्हतं. खोडरबरने घासून कागद जरा केसाळ झाला होता, आणि त्यावर तीन करडे डाग होते.

"हे काय?" नाओमीने विचारलं.

"ही नोंद," हेल्मी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिचे कान गरम झाले.

नाओमी खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग तुमच्या शब्दावरच जायला लागेल," ती हळू म्हणाली. "प्रतिज्ञापत्र करू. तुम्हाला आठवतंय ना नीट?"

आठवत होतं. सगळं आठवत होतं. लायलचं हसणं, फोनची वायर बोटाला गुंडाळलेली, खिडकीबाहेर बर्फ उपसणारं यंत्र. पण डाग तीन होते आणि फायली चार. रात्रंदिवस ते हेल्मीच्या डोक्यातून जाईना. चारांतल्या एका खटल्याचा तज्ज्ञ ऑक्टोबरमध्ये मोकळा नव्हता, म्हणून त्या खटल्यासाठी तिने लायलला ऑक्टोबर विचारलाच नव्हता. तज्ज्ञ दोन खटल्यांत होते. एक कुठल्याशा जळलेल्या गोदामाचा, दुसरा कोलेटचा. यांतला कोणता तो? स्टॅनना फोन करून झाला, त्यांनाही कोणती फाईल ते आठवेना. तज्ज्ञांच्या कचेऱ्यांतही विचारून झालं. तिथेही लागलेल्या तारखाच तेवढ्या लिहिलेल्या, न लागलेल्या कोण लिहितो!

ती लायलकडे गेली. तो गॅरेजमध्ये होडीला रंग देत होता. तिला बघून ब्रश खाली ठेवला, पण नेहमीसारखा हसला नाही.

"लायल, त्या सोमवारी—"

"विचारू नकोस, हेल्मी."

"अरे, हो का नाही एवढंच सांग. कोलेटची फाईल त्या तिनांत होती का?"

"तो माझा अशील होता. त्याने मला काढलं म्हणून माझं तोंड सुटत नाही. त्याच्या विरुद्ध एक अक्षर बोललो तर चाळीस वर्षांची सनद जाईल, आणि जावीसुद्धा."

"आणि पोर गेली ती?"

लायलने मिशीवरून हात फिरवला. "घरी जा, हेल्मी. थंडी आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती घरी आली. जेवायला काहीतरी काढावं म्हणून तळघरातल्या फ्रीझरचं झाकण उचललं, आणि वरच होतं लायलने दिलेलं मूसच्या मांसाचं पाकीट. दर वर्षी तो आणून द्यायचा, परवाना दुसऱ्या कोणाला लागला असला तरी आपल्या वाट्यातलं. खाकी कागदावर त्याच्याच अक्षरात जाड पेनाने लिहिलेलं: मांडी, १७ ऑक्टोबर २०२३. हेल्मीने ते पाकीट तसंच पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी नाओमीच्या टेबलावर ठेवलं.

नाओमीने ते उलटंसुलटं करून बघितलं. "यावरून एवढंच सिद्ध होतं की त्याने मूस मारला," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्यावं का हे कोर्टात? पुरावा क्रमांक एक, मांडी!"

सुनावणी मार्चमध्ये झाली. न्यायाधीशबाई मुद्दाम त्यासाठी आल्या. ज्या बायबलवर हात ठेवायला हेल्मीने हजार लोकांना सांगितलं असेल, त्यावर तिने स्वतः हात ठेवला. पिंजऱ्यातून कोर्ट वेगळंच दिसत होतं. तिसऱ्या बाकावर जेनेव्हीव्ह बसली होती, शाळेचा पांढरा अंगरखा कोटाखाली तसाच घालून. ती हेल्मीकडे बघून किंचित मान हलवत होती, कर्लिंगमध्ये दगड सोडायच्या आधी हलवायची तशी.

नाओमीच्या प्रश्नांना हेल्मीने चांगली उत्तरं दिली. फोन केला, तारीख विचारली, मिस्टर बेनेटनी नाही म्हटलं, शिकारीचं कारण दिलं. मग व्हेल्टन उठला. तिला वाटलं होतं हा अंगावर येईल, पण त्याचा आवाज मऊ होता, आजीशी बोलल्यासारखा.

"मिसेस सारिनेन, त्या सकाळी मिस्टर बेनेटच्या किती फायली तुमच्यासमोर होत्या?"

"चार."

"आणि या पानावर खोडल्याचे डाग किती आहेत?"

"तीन."

"म्हणजे एका खटल्यासाठी तुम्ही ऑक्टोबर विचारला नव्हता."

"नाही विचारला. त्याचा तज्ज्ञ मोकळा नव्हता."

"या खटल्यातही तज्ज्ञ आहे ना?"

"आहे."

"मग मला एवढंच सांगा." तो थांबला. "ट्रॅव्हिस हॉल्कचा खटला त्या तिनांतच होता, याची तुम्हाला शपथेवर खात्री आहे?"

एक शब्द होता. दोन अक्षरी. सगळं कोर्ट त्यासाठी थांबलं होतं. तो म्हटला असता तर कोणीही तिला खोटं पाडू शकलं नसतं. सगळे सहा महिने नाही तरी दोन तरी वजा झालेच असते, आणि खटला उभा राहिला असता. हेल्मीला हे त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तिने जेनेव्हीव्हकडे बघितलं. मग समोरच्या पानाकडे बघितलं, त्या तीन डागांकडे.

"मला वाटतं, होता," ती म्हणाली.

"वाटतं. खात्री?"

"खात्रीने नाही सांगता येणार."

"आभारी आहे," व्हेल्टन म्हणाला आणि खाली बसला. त्यालासुद्धा त्यात आनंद झालेला दिसला नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे.

एप्रिलमध्ये, ज्या आठवड्यात खटला चालायचा होता त्याच आठवड्यात, निकाल आला. नोंद नाही, खात्री नाही, उशीर आरोपीच्या माथी मारता येत नाही. खटला थांबवण्यात येत आहे. ट्रॅव्हिस हॉल्कने बापाला मिठी मारली आणि बाजूच्या दाराने गेला. तो पिऊन होता की नव्हता हे त्याला कोणी विचारलंच नाही, आता कधी विचारणारही नाही. नाओमीने वर अपील करायचं म्हटलं, पण वरच्यांनी कागद बघून नको सांगितलं. अपिलाच्या मुदतीचे तीस दिवस आले आणि गेले. जेनेव्हीव्हने ना आरडाओरडा केला ना रडली. बाकावरून उठली, अंगरख्याची बटणं लावली आणि शाळेत गेली. दुपारचं जेवण पोरांना वेळेवर मिळालं त्या दिवशी.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी पत्रक आलं. हेल्मीने छापलं, पाव तोडला, वाचायला बसली. चौथी बातमी आमच्या गावाची होती. उत्तरेकडच्या एका कोर्टात तारखा फोनवर ठरत, नकाराची नोंद राहत नसे. तारखा लावणाऱ्या कर्मचारी बाईंची साक्ष प्रामाणिक पण अपुरी. सबब खटला थांबवला. खाली तिरक्या अक्षरांत तरुण वकिलांना आणि विद्यार्थ्यांना धडा: प्रत्येक नाकारलेली तारीख नोंदवून घ्या.

घ्या, बैल गेला आणि झोपा केला! इतक्या वर्षांत ज्या पत्रकात तिने हजारो लोकांचं नशीब चार ओळींत वाचलं, त्यात आता तिच्या चार ओळी होत्या. नाव नव्हतं, नुसतंच 'कर्मचारी बाई'. ते टाचू नये असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने टाचणी घेतली आणि नेहमीच्या जागी टाचलं. वकील आले, कॉफी ओतून घेतली, फळ्याकडे बघितलं. त्या सोमवारी पाचही जणांनी वाचलं, आणि कोणी विचारलं नाही, काय गं हेल्मी, काय नवीन.

ऑक्टोबरमध्ये लायल आला. मागच्या दारी उभा, हातात खाकी पाकीट, अंगाला शेकोटीचा वास.

"घे," तो म्हणाला. "मांडी आहे."

हेल्मीने हात पुढे केला नाही. "ठेव तिथे."

त्याने पाकीट कठड्यावर ठेवलं, पण गेला नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "मी हे बोललो नाही आणि तू ऐकलं नाहीस," तो म्हणाला. "त्या तिनांत होती ती."

हेल्मी उंबऱ्याबाहेर आली.

"मला पक्कं आठवतंय, कारण पोरीचं नाव तूच घेतलंस. मी म्हटलं, तिच्या आईला अजून सहा महिने थांबायला लावतोय, वाईट वाटतं गं, शिकार सोडू का? अगदी मनापासून म्हटलं होतं. तू सोड म्हणाली असतीस तर सोडली असती."

"मग मी काय म्हणाले?"

लायलने जमिनीकडे बघितलं. "तू म्हणालीस, इतक्या वर्षांनी परवाना लागलाय, जा. सहा महिन्यांनी काय बिघडतंय."

ते वाक्य तिचंच होतं, यात तिला तिळमात्र शंका वाटली नाही. तिच्या तोंडून ते दिवसातून दहादा निघायचं, म्हणूनच तर आठवलं नव्हतं. आजवर ती स्वतःला म्हणत आली होती, मी खरं बोलले, त्याला माझा इलाज नव्हता. आता तेवढाही आसरा राहिला नाही. लायल गेल्यावर पाकीट कठड्यावरच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी फोडलेलं शेजाऱ्यांनी बघितलं.

नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडून गोठलं होतं त्या सकाळी, जेनेव्हीव्ह कोर्टात आली. दार उघडून अजून दहा मिनिटंही झाली नव्हती. हेल्मीने कोट अजून काढला नव्हता.

"निकालाची प्रत हवीय," जेनेव्हीव्ह म्हणाली. "घरी असावी म्हणून."

फाईल क्रमांक विचारण्याचा नियम आहे. हेल्मीने विचारायच्या आत जेनेव्हीव्हने तो धडाधड सांगितला, पाढा म्हणावा तसा. हेल्मीने बावीस पानं छापली, कोपऱ्यात टाचली, पुढे केली.

जेनेव्हीव्हने ती उघडून बघितली. "यात तू कुठे आहेस?"

"चौदाव्या पानावर. खाली."

जेनेव्हीव्हने वाचलं, बोट ठेवून, हळूहळू. "प्रामाणिक," ती म्हणाली. "चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल."

हेल्मीने कोटाची बटणं सोडायला घेतली.

"त्या दिवशी तू नुसतं 'आहे' म्हणाली असतीस तर खटला चालला असता ना?"

"चालला असता."

"आणि तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मी असते तर म्हणाले असते, हेल्मी. तुझ्या पोरीसाठी मी शंभरदा म्हणाले असते." ती रागावून नाही म्हणाली, भाव सांगावा तसं म्हणाली. मग कागद घडी करता करता विचारलं, "आणि आता? आता तरी खात्री आहे का तुला?"

नाही म्हणता आलं असतं. लायलने तसं बजावलंच होतं. पण एकदा या बाईसमोर तिने अर्धं उत्तर दिलं होतं, पुन्हा द्यायची ताकद तिच्यात नव्हती.

"आहे," हेल्मी म्हणाली. "कोलेटची फाईल त्या तिनांत होती. लायल शिकार सोडायला तयार होता. मीच त्याला म्हटलं, जा, सहा महिन्यांनी काय बिघडतंय."

 जेनेव्हीव्हच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दुःख. मग तिने प्रत पर्समध्ये घातली, हातमोजे चढवले आणि दाराकडे वळली. हेल्मीला एकदम बाहेरची पायरी आठवली. आज ती खरवडायची राहिली होती.

"थांब जेनेव्हीव्ह, पायरीवर बर्फ आहे. दोन मिनिटं. मी काढते."

जेनेव्हीव्हने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "काय बिघडतंय."

आणि कठडा धरून एकेक पाय टाकत ती खाली उतरली.